जुनं जेट, नवं जेट आणि निर्मलाबाईंचं सिंगापूर

कलकत्त्यात, दमदमला विमानतळाच्या अडीच नंबर गेटाजवळ अनिल खटावकर राहतात. त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेलेल्या माणसाची एक गंमत हमखास होते. तो आपला सोयीची खुर्ची बघून बसायला जातो, तेवढ्यात अनिलराव त्याला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळतात, मनाशी काहीतरी बेरीज-वजाबाकी करतात आणि अगदी गोड आवाजात म्हणतात, "तुम्ही जरा त्या टोकाला बसता का?" पाहुणा बुचकळ्यात पडतो. पंखा तर इकडे आहे, मग तिकडे का? मग सूनबाई, आरती, हळूच सांगते, की रागावू नका, आमचे बाबा टेबलाचा तोल साधताहेत.

हा त्यांच्या नोकरीचा प्रसाद. विमान कंपनीत ते लोडशीट करायचे. म्हणजे किती माणसं, किती सामान, किती तेल, आणि त्यातलं काय कुठे ठेवलं म्हणजे विमानाचा तोल मधोमध राहील, याचा कागद तयार करायचा. तो कागद पाहिल्याशिवाय कप्तान विमान हलवत नसे. माणदेशातल्या एकशिक्षकी शाळेत शिकलेला पोरगा, आणि त्याच्या पेन्सिलीच्या एका रेघेवर अख्खं विमान थांबलेलं! या गोष्टीचा आनंद अनिलरावांना नोकरीला लागले त्या दिवशी जेवढा होता, तेवढाच आज सत्तरी ओलांडल्यावरही आहे. निवृत्तीनंतर विमान गेलं, तोल राहिला. टोटोत, म्हणजे इथल्या बॅटरीवरच्या रिक्षात बसताना जाड माणसाला ते पुढे ड्रायव्हरशेजारी पाठवतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत पंगत मांडायचं काम त्यांच्याकडेच असतं, आणि भारदस्त मंडळी दोन्ही ओळींत सारखी विभागलेली असतात. जमिनीवर बसलेली पंगत कलंडत नाही, हे त्यांना कोणीतरी एकदा समजावून सांगितलं होतं. त्यांना ते तत्त्वतः मान्य आहे.

त्यांचं खरं प्रेम मात्र एकावरच, ते जुन्या जेटवर. सात-तीन-सातची ती पहिली पिढी, पंखाखाली सिगारसारखी लांबुळकी इंजिनं असलेली. पूर्वेकडच्या गावांना एके काळी तीच जायची. त्या विमानाच्या गोष्टी सांगायला लागले, की अनिलरावांचा चहा हटकून गार होतो.

गुवाहाटीच्या वऱ्हाडाची गोष्ट तर मंडळात सगळ्यांना पाठ आहे. सगळं वऱ्हाड पत्ते कुटायला म्हणून मागच्या रांगांत जाऊन बसलं, हलेना. अनिलराव आत गेले आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, की चहा पुढच्या रांगांपासून मिळतो. झालं, नवऱ्या मुलाच्या मामासकट अख्खं वऱ्हाड पुढे. आता विमानाचं नाक जड! मग ते परत आत गेले आणि म्हणाले, की मिठाई मात्र मागून वाटतात.

आगरतळ्याच्या अननसांची गोष्टही तशीच. धुकं पडलं, विमान अडकलं, लोक भुकेले. अननसाच्या करंड्या ज्या व्यापाऱ्याच्या होत्या, त्यानं तिथेच विक्री मांडली. सामानातले अननस उतारूंच्या पोटात गेले आणि वजनाची जागा बदलली, म्हणून बिचाऱ्या अनिलरावांना लोडशीट पुन्हा करावं लागलं. ते होतंय तोवर आणखी दोन करंड्या संपल्या.

आणि पोर्ट ब्लेअरचे रसगुल्ले! वजन जास्त भरलं म्हणून मातीच्या हंड्या उतरवायला सांगितल्या, तर हंड्यांचे मालक असलेले बाबू शिडीवर ठाण मांडून बसले. शेवटी अनिलरावांनी तोड काढली, की वजन पाकाचं आहे, तेवढा पाक ओतून द्या. बाबूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की तसं त्यांच्याकडे नंतर कोणीही पाहिलं नाही. पाक ओतला गेला नाही. सगळ्यांनी मिळून प्यायला. मग हंड्या हलक्या झाल्या आणि माणसं जड झाली, ते निराळं.

पुढे नवी विमानं आली. मध्यम आकाराची, लांब पल्ल्याची, टोकाला वर वळलेल्या पंखांची. तोलाचा हिशेब संगणक करू लागला. अनिलरावांनी शेवटची आठ वर्षं नुसती बटणं दाबली. त्याचा सूड त्यांनी घरी उगवला. संध्याकाळी गच्चीवर उभं राहून उतरणाऱ्या विमानांना ते नावं ठेवायचे. हे बघ, पंखांची टोकं कशी, सशानं कान टवकारल्यासारखी. ते बघ इंजिन, शेठजींचं पोट जमिनीला टेकतंय. आणि सगळ्यात पेटंट वाक्य म्हणजे, "आवाजच नाही याला. आवाज नसलेलं यंत्र चालू आहे का बंद पडलंय, ते आतल्या माणसाला कळणार कसं?"

हे सगळं ऐकायला शेजारी निर्मलाबाई असायच्या. वाळत घातलेले कपडे काढता काढता हूं हूं करायच्या.

निर्मलाबाई भित्र्या नव्हेत, हे आधी सांगायला हवं. कोळणीशी बंगालीत भांडून इलिश मासा अर्ध्या किमतीत आणणारी बाई भित्री असेल कशी? आणि नवऱ्याचं सगळं ऐकणाऱ्याही नव्हेत. कुठल्या डॉक्टरकडे जायचं, कोणत्या रंगाचा पडदा घ्यायचा, मुलीचं लग्न कुठे करायचं, यातल्या कशातही अनिलरावांचं मत त्यांनी विचारलेलं नाही. पण विमानाच्या बाबतीत नवरा बोलेल तो शब्द प्रमाण, कारण तो त्याचा धंदा. अशी दोन तपं गच्चीवर गेली. या काळात त्या माहेरी रेल्वेनं गेल्या, लेकीच्या लग्नाला रेल्वेनं गेल्या, आणि आपण नव्या विमानात कधी पाऊल ठेवलेलं नाही, हे ना त्यांच्या लक्षात आलं, ना अनिलरावांच्या.

ते लक्षात आलं अनुजाला मुलगी झाली तेव्हा. अनुजा म्हणजे त्यांची धाकटी लेक. ती आणि जावई ऋषिकेश सिंगापूरला असतात. बाळ-बाळंतीण सुखरूप, बारसं थाटात करायचं, तारीख ठरली, आणि फोनवर अनुजानं एकच हट्ट धरला, की पाळण्याची दोरी आईच्या हातात पाहिजे. आईशिवाय बारसं होणार नाही.

दमदमहून सिंगापूर म्हणजे चार-सव्वाचार तास. जाणारं विमान अर्थातच नवं, मध्यम, टवकारल्या पंखांचं. अनिलराव आनंदानं तिकिटं काढायला निघाले, तर निर्मलाबाई भाजी निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जा. मी काही त्यात बसायची नाही."

अनिलरावांना वाटलं, पासपोर्टचं काहीतरी असेल. पासपोर्ट तर होता.

"अगं, का पण?"

"बंगालचा उपसागर ओलांडायचा. मधेच ते बंद पडलं तर कळणार कसं? आवाज नसतो ना त्याला."

अनिलराव हसले. मग हसणं थांबलं, कारण समोरून कोणी हसत नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी जंग जंग पछाडलं. ते म्हणाले, की इंजिनं चांगली दोन असतात. त्या म्हणाल्या, तुम्हीच म्हणाला होतात, दोन म्हणजे काय, एक बिघडलं की एकच. ते म्हणाले, अगं जुन्यालाही दोनच होती. त्या म्हणाल्या, पण ती ऐकू येत होती. ते म्हणाले, पंख लवतात ते चांगलंच असतं, ताठ असते तर मोडले असते. त्यावर निर्मलाबाईंनी त्यांचंच वाक्य त्यांच्याच सुरात म्हणून दाखवलं, "हलणाऱ्या पंखाचा भरवसा तो काय!" आरती शेजारच्या खोलीत घरून काम करत होती. तिला आपला माइक घाईनं बंद करावा लागला.

तिकडे अनुजा रडवेली झाली. दुसरा मार्ग म्हणावा, तर सिंगापूरला रेल्वे जात नाही. अनिलरावांचे जुने स्नेही शशिकांतराव यांनी जहाज सुचवलं, पण ते जन्मभर जहाजच सुचवत आले आहेत. तीन पिढ्या कलकत्त्यात, स्वतः खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सच्या नोकरीत. विमान म्हणजे घाईत असलेल्या माणसांनी काढलेली उर्मट पळवाट, असं त्यांचं ठाम मत. चौकशी केल्यावर कळलं, की सिंगापूरला निघणारं जहाज मालाचं आहे आणि निर्मलाबाईंना पेटी म्हणून पाठवावं लागेल.

आणि अशा वेळी अनिलरावांना उलट सभा आठवली.

उलट सभा ही इथल्या मंडळाची फार जुनी रीत. कलकत्त्यात राहून वादाचा नाद न लागलेला माणूस विरळा. पण मंडळ लहान, सगळी मतं सगळ्यांना माहीत, वाद घालणार कशावर? म्हणून कोणीतरी कधीतरी नियम काढला, की दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारी सभा भरवायची, आणि ज्याचं जे मत जगजाहीर आहे त्याच्या बरोब्बर विरुद्ध त्यानं बोलायचं. मासळीच्या वासानं नाकाला पदर लावणाऱ्या कालिंदीताई एका वर्षी मोहरीतल्या इलिशवर इतक्या रसाळ बोलल्या, की लोक तसेच उठून जेवायला गेले.

अनिलरावांनी स्वतः खटपट करून यंदाचा विषय ठरवून घेतला. नवी मध्यम विमानं जुन्या लाडक्या जेटची जागा घेऊ शकतील का? बेत सोपा होता. घरात बायको त्यांचं ऐकत नाही. पण भरल्या सभेत, शाल पांघरून, माइकवर नवरा नव्या विमानाची बाजू मांडतोय म्हटल्यावर ऐकेलच. ते नव्याच्या बाजूनं बोलणार. विमानांचे वैरी शशिकांतराव जुन्या जेटच्या बाजूनं बोलणार. निर्मलाबाई पहिल्या रांगेत बसणार. ती जागाही त्यांनी आधी हेरून ठेवली होती, मधोमध.

आणि बोललेही काय फर्मास. म्हणाले, एखाद्या गावाला रोज दीडशे-दोनशेच माणसं जायची असतात. तिथे भलंमोठं विमान पाठवलं तर अर्धं रिकामं जातं, आणि छोटं पाठवलं तर तेवढं लांब पोचत नाही. म्हणून माणसं आधी दिल्ली-मुंबईला जाऊन तिथे ताटकळायची. नवं मध्यम विमान त्या गावाला थेट जातं, दर माणशी तेल कितीतरी कमी पितं. आणि आवाजाचं म्हणाल, तर पूर्वी अडीच नंबर गेटाला जेट डोक्यावरून गेलं, की मालिकेतल्या खुनी माणसाचं नावच ऐकू यायचं नाही. खून कोणी केला ते आम्ही दुसऱ्या दिवशी लांब लेकटाउनात राहणाऱ्यांना विचारायचो. सभा हसली. त्यांनी चोरून पहिल्या रांगेकडे पाहिलं. निर्मलाबाईही हसत होत्या.

मग शशिकांतराव उठले. त्यांच्यापाशी विमानाची माहिती शून्य. पण चाळीस वर्षं अनिलरावांच्या गोष्टी ऐकण्याची शिक्षा भोगलेली. त्यांनी त्याच गोष्टी काढल्या. वऱ्हाड काढलं, अननस काढले, रसगुल्ले काढले. आणि काय सांगावं, गोदीतल्या माणसाच्या त्या संथ, कोरड्या आवाजात त्या अनिलरावांपेक्षा फक्कड रंगल्या. मामा पुढे पळाला तेव्हा टाळी, मागे पळाला तेव्हा दुसरी टाळी. "असं विमान," शेवटी ते म्हणाले, "ज्यात माणूस बसायचा नाही, राहायला जायचा. त्याची जागा तुमचं ते मुकं यंत्र काय घेणार?" हात वर झाले. जुनं जेट दणदणीत जिंकलं. स्वतःच्याच गोष्टींनी आपण हरलो, याचं दुःख करावं की त्या एवढ्या गाजल्या याचा आनंद, हे अनिलरावांना ठरवता येईना. त्यांनी जमेल तसं दोन्ही केलं.

परत येताना मेट्रो घेतली. दमदमला उतरून पुढचा पल्ला टोटोनं. अनिलरावांनी सवयीनं स्वतः मागच्या चाकावरची जागा घेतली आणि मग राहवेना म्हणून विचारलं, कसं काय झालं भाषण?

"छान झालं," त्या म्हणाल्या. "एकही शब्द पटला नाही."

"अगं, पण सगळं खरं होतं!"

"उलट सभा होती ना? उलट सभेत कधी कोणी खरं बोललंय? कालिंदीताई अजून मासळीला हात लावत नाहीत."

ज्या सभेचा नियमच मुळी खोटं बोलायचा, त्या सभेत आपण खरं पटवायला उभे राहिलो, हे अनिलरावांच्या आत्ता ध्यानात आलं. म्हणजे नव्या विमानाची त्यांनी जितकी जास्त तारीफ केली होती, तितकं ते विमान निर्मलाबाईंच्या लेखी जास्त बिघडलेलं होतं. टोटो खड्ड्यातून गेला. त्यांनी तोल सावरला नाही. अनुजाला आता काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

"पण एक विचारू?" निर्मलाबाई म्हणाल्या. "ते वऱ्हाड शेवटी गुवाहाटीला पोचलं कधी?"

"संध्याकाळी."

"मुहूर्त?"

"सकाळचा होता. दुसरा धरला असेल त्यांनी."

"आणि अननसवाले?"

"ते दुसऱ्या दिवशी."

"पोर्ट ब्लेअर?"

अनिलरावांनी यावर बाहेर बघितलं.

"तुम्ही सांगता तेव्हा मी तुमचे हात बघते आणि हसते," त्या म्हणाल्या. "आज शशिकांतरावांनी सांगितल्या, तेव्हा पहिल्यांदा ऐकू आल्या. तुमच्या एकाही गोष्टीत ते विमान वेळेवर निघालेलं नाही. आता मला नव्या विमानाची एक गोष्ट सांगा."

"कसली गोष्ट?"

"कसलीही. आठ वर्षं होतात ना त्यांच्यावर. काही अडकलं, काही सांडलं, कोणी शिडीवर बसलं."

अनिलरावांनी आठवून पाहिलं. गोष्ट म्हटल्यावर आजवर त्यांना कधी असं थांबावं लागलं नव्हतं. टोटो पेट्रोलपंप ओलांडून गेला, मिठाईचं दुकान ओलांडून गेला, गल्लीच्या तोंडाशी आला, तरी त्यांना काही सापडेना. धुक्याचे दिवस आठवले, पण त्यात नुसतं थांबणं, घडलं काही नाही. एकदा एकाची छत्री राहिली होती, ती परत मिळाली.

"काही नाही गं," ते अगदी खजील होऊन म्हणाले. "यायचं, भरायचं, जायचं. सांगण्यासारखं काही घडायचंच नाही."

"मग काढा तिकिटं," निर्मलाबाई म्हणाल्या आणि टोटोवाल्याला देण्यासाठी बटव्यात सुट्टे शोधू लागल्या.

अनिलराव उतरायचे विसरले.

असे दोघं निघाले. बरोबर बाळंतविडा, डिंकाचे लाडू, आणि बाळासाठी निर्मलाबाईंनी स्वतः शिवलेली कुंची. विमान निम्मं रिकामं होतं. खिडकीशी निर्मलाबाई, त्यांच्या शेजारी अनिलराव. ते बसले आणि लगेच मान वळवून मागे-पुढे बघू लागले. पुढच्या रांगा भरलेल्या, मागे सगळा उजाड. पेन्सिल खिशात नव्हती, तरी बोटं गुडघ्यावर रेघ ओढू लागली. नाक जड आहे, ते हलक्या आवाजात म्हणाले. बडाबाजारातलं एक धष्टपुष्ट कुटुंब पलीकडे बसलं होतं. त्यांना मागे जायला सांगावं की काय, असं त्यांच्या मनात येत होतं. निर्मलाबाईंनी त्यांच्या दंडाला हात लावून त्यांना खाली दाबलं.

तेवढ्यात एक हवाई सुंदरी आली. हातात कागदाचा चिटोरा, चेहऱ्यावर हसू. ती वाकली आणि अदबीनं हिंदीत म्हणाली, की काका, विमानाच्या संतुलनासाठी काही प्रवाशांना मागे बसवायचं आहे, आपण जरा मागच्या रांगेत याल का?

अनिलरावांनी तिच्याकडे पाहिलं, चिटोऱ्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यांनी मामांना, बाबूंना, अख्ख्या वऱ्हाडाला वजन बघून उठवलं, त्यांना आज वजन म्हणून उठवलं जात होतं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी धक्का आला, मग संशय, आणि मग असा काही आनंद पसरला, की त्या मुलीला वाटलं काकांनी मागची विंडो सीट आधीच मागितली असावी. "किती मागे?" त्यांनी विचारलं. तिनं सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, मनाशी हिशेब करून म्हणाले, बरोबर आहे, आणि तडक निघाले. बडाबाजारवाल्यांतल्या दोघांनाही त्यांनी वाटेत उठवून बरोबर नेलं. हे तिनं सांगितलेलं नव्हतं.

त्यामुळे उपसागर निर्मलाबाईंनी एकट्यानं ओलांडला. मागे बसलेल्या अनिलरावांचा जीव टांगणीला. ती घाबरली असेल, कानात प्राण आणून आवाज शोधत असेल. पट्ट्याचा दिवा विझला तसे ते उठून पुढे आले. निर्मलाबाई कुंची उशाशी घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून, गाढ झोपल्या होत्या. इंजिनाचा आवाज तेवढा नव्हताच, की कोणाची झोप मोडावी.

बारसं झक्क झालं. पाळण्याची दोरी निर्मलाबाईंच्या हातात. नाव ईशा ठेवलं. तिथल्या मराठी बायका जमलेल्या. अनिलरावांनी पाळण्याच्या दोन्ही बाजूंना त्यांची नीट वाटणी केली. मग कोणीतरी विचारलं, प्रवास कसा झाला? अनिलरावांनी घसा खाकरला. पण दोरी ओढता ओढता निर्मलाबाईंनी सुरुवात केलेली होती. ती मुलगी कशी वाकली, तिनं काय विचारलं, आणि ह्यांचा चेहरा कसा झाला, हे त्यांनी असं करून दाखवलं, की बायका डोळे पुसू लागल्या आणि ईशाबाई दचकून जाग्या झाल्या. अनिलराव मधे फक्त एकदाच बोलले, ते रांगेचा आकडा दुरुस्त करायला. तो त्यांनी जरा पुढे सरकवला.

ते परत आले त्या रविवारी शशिकांतराव चहाला हजर. बसण्याआधीच विचारलं, की काय, तुमचं मुकं यंत्र काही बोललं का? अनिलरावांनी खुर्ची ओढली, चहा बाजूला ठेवला, दोन्ही हात हवेत नेले.

"थांबा," स्वयंपाकघरातून निर्मलाबाईंचा आवाज आला. "ती गोष्ट माझी आहे. मी भजी तळून आले, की सांगते."

अनिलरावांनी हात खाली घेतले. मग चहा ओढून घेतला आणि तो गरम असतानाच प्यायले.